सावूच्या नावाचं ताट

प्लोयेश्त, १९ ऑगस्ट २०१४

आदरणीय पारास्किवा मावशी,

माझं नाव वीर्जिल कोमान. नावावरून तुम्हाला काही बोध होणार नाही. शनिवारी, नऊ तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमारास तुमच्या अंगणात तिघंजण येऊन बसले होते, आठवतं? गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक टकल्या, त्याची बायको आणि तेरा वर्षांची मुलगी. तो टकल्या मी. बटाट्यांवरून बोललो तोही मीच.

तुमचा पत्ता फिरूने दिला. आम्ही सुट्टीत आठवडाभर त्याच्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो. परवा त्याचा फोन आला.

“सर, तुम्हाला मी सांदाकडे जेवायला धाडलं होतं. ती अजून माझ्या नावाने बोटं मोडतेय. तिघांचा स्वयंपाक करून वाट बघत बसली बिचारी. तुम्ही गेलात कुठे?”

“अरे, तिच्याकडेच तर जेवलो! वळणावरचं हिरवं फाटक, अंगणात लांबलचक टेबल.”

फिरूने मला वळण आणि फाटक पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “सांदाचं फाटक त्याच्या पुढचं, सर. तुम्ही जेवलात ते पारास्किवाकडे. तिचा मुलगा सावू स्पेनमध्ये कामावर असताना गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं ते.”

पुढचंही त्यानेच सांगितलं. संध्याकाळी ताटं उचलताना तुम्हाला माझ्या ताटाखाली शंभर लेईची नोट सापडली आणि तुम्ही तिथेच बाकावर बसून राहिलात. शेजारणी म्हणाल्या, झालं, जेवण विकलं गेलं. मेलेल्याच्या नावाने वाढलेलं ताट कुणीतरी फुकट खावं लागतं, आणि खाणारा परका वाटसरू असला तर फारच चांगलं, कारण त्याच्या मुखातलं सगळ्यात आधी पोचतं. पैसे ठेवले की ती खानावळ झाली, सावूच्या तोंडी त्यातलं काही गेलं नाही. हे मी तुम्हाला काय सांगणार म्हणा, भोगताय तुम्हीच.

मला माफ करा, मावशी. आम्हाला काही म्हणजे काही कल्पना नव्हती.

मी शाळेत भूगोल शिकवतो. सुट्टीत कुठेही गेलं की तिथलं, त्या मातीतलं खायचं, असा माझा शिरस्ता आहे. पिझ्झा मागायला घरात बंदी. मी एक वही बाळगतो. तीत दर जिल्ह्याला एक पान, पदार्थाचं नाव आणि दहापैकी गुण. माझी बायको रोदिका म्हणते, “हा जेवायला बसत नाही, परीक्षा घ्यायला बसतो.” त्या दिवशी दोन तास डोंगरात पायपीट करून आलो होतो, इलिंका भुकेने कुरकुरत होती. तुमच्या टेबलाच्या टोकाला बसलेल्या आजोबांनी “या, या, बसा” म्हणून हात केला आणि आम्ही बसलो.

तुम्ही पांढऱ्या घेवड्याचं आंबट सूप आणलंत, भाजलेल्या वांग्याचं भरीत, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात. आणि एक भलीमोठी परात भरून तळलेले बटाटे, सोबत दुकानातली भडक रंगाची संत्र्याची बाटली. ती परात बघून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मावशी, तळलेले बटाटे आमच्या शाळेच्या कॅन्टीनमध्येही मिळतात. इथलं काहीतरी आणा ना. सॉसेज नाहीत का? डुकराचं काही?” चर्चच्या पंधरा ऑगस्टच्या सणापर्यंत मांस वर्ज्य, उपवासाचे दिवस आहेत, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या लक्षात नाही आलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “त्याला बटाटेच आवडायचे.” मला वाटलं, कुणा जुन्या गिऱ्हाइकाविषयी बोलताय.

वहीत मी लिहिलं होतं, तळलेले बटाटे, दहापैकी चार. ते पान मी फाडून टाकलंय.

निघताना बिल विचारलं तर तुम्ही म्हणालात, “काही नाही बाबा, पोटभर जेवलात ना, झालं.” खेड्यातली माणसं पैशाचं तोंडाने सांगायला लाजतात असं समजून मी नोट ताटाखाली सरकवली. माझी चूक झाली ती एवढीच. दारावरचं काळं कापड मला दिसलं नाही, फोटोही नाही. ऊन फार होतं.

तुमच्या मुलाच्या आत्म्याला शांती लाभो. रोदिकाही तुमची क्षमा मागते.

आपला नम्र,
वीर्जिल कोमान

&nbsp;

प्लोयेश्त, ७ सप्टेंबर

आदरणीय पारास्किवा मावशी,

तुमचं पत्र मिळालं. पाकीट फोडताना मी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या नव्हत्या, त्याने आधी हायसं वाटलं आणि मग तितकंच अवघडल्यासारखं झालं. इलिंकाची चौकशी केलीत, ती बरी आहे. शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होते.

तुम्ही एकच प्रश्न विचारलाय. तुमचे पाद्री म्हणाले की अजाणता ठेवलेल्या पैशाने काही बिघडत नाही. हे नावाचं ताट आहे हे जेवणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर ताट पोचलं. पण ठाऊक असूनही त्याने पैसे ठेवले असतील, तर त्याने ते घ्यायला नकार दिला असा अर्थ होतो, आणि ज्याने घेतलंच नाही त्याच्या हातून सावूला काही मिळालेलं नाही. म्हणून तुम्ही लिहिता, “बाबा, नोट ठेवताना तुला ठाऊक होतं का, जे असेल ते सांग, मी रागावणार नाही, पण मला झोप लागत नाही.”

नव्हतं ठाऊक, मावशी. माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगतो. हॉटेलात जेवतोय असंच मला शेवटपर्यंत वाटत होतं. तुम्ही निर्धास्त राहा. सावूचं ताट सावूला पोचलं.

आपला,
वीर्जिल

&nbsp;

प्लोयेश्त, २८ सप्टेंबर

आदरणीय पारास्किवा मावशी,

पार्सल मिळालं. एवढं कशाला केलंत?

अक्रोड छान आहेत. जाकीट तर नवं कोरं दिसतंय. सावूने स्पेनमध्ये घेतलं आणि गावी येताना घालायचं म्हणून ठेवून दिलं, हे तुम्ही लिहिलंत ते वाचलं. गेलेल्याचे कपडे परक्याला द्यायचे असतात हे खरं, पण मावशी, परके पुष्कळ असतात. देवाने फाटकातून ज्याला पाठवलं तो हाच, असं तुम्ही लिहिलंय, ते काही मला झेपत नाही. शिवाय ते माझ्या पोटावर बसत नाही. कपाटात नीट टांगून ठेवलंय.

माझं पत्र तुम्ही पाद्रींना वाचून दाखवलंत, शेजारणींनाही दाखवलंत, आणि ती नोट चर्चच्या पेटीत टाकलीत हेही कळलं. आता झोप लागते म्हणता. बरं झालं.

१ नोव्हेंबरच्या, मृतांच्या शनिवारच्या जेवणाचं आमंत्रण मिळालं. पहिलं ताट माझं, असं म्हणालात. त्या सुमारास शाळेत चाचण्या असतात. बघतो. नक्की सांगता येत नाही.

आपला,
वीर्जिल

&nbsp;

प्लोयेश्त, १९ ऑक्टोबर

पारास्किवा मावशी,

हे पत्र कुणाला वाचून दाखवण्याआधी एकदा एकट्या वाचा. नंतर हवं तर भर चर्चमध्ये वाचा, माझी हरकत नाही.

मला माहीत होतं.

तीन शब्द लिहायला तीन आठवडे लागले. ते आता लिहून झाले आहेत आणि खोडायचे नाहीत असं ठरवून मी पुढचं लिहितोय.

थंडी पडली म्हणून इलिंकाने गरम कपडे काढायला कपाट उघडलं. जाकीट तिला दिसलं, खिशात तुमची दोन्ही पत्रं होती. मीच ती तिथे कोंबली होती, बायकोच्या हाती लागू नयेत म्हणून. मुलीने वाचली. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

“तू तिला कळवलंस की तुला ठाऊक नव्हतं?”

“इलिंका, मोठ्यांच्या गोष्टींत—”

“मी तुझ्या शेजारी बसले होते, बाबा. तू आईला काय म्हणालास ते मी ऐकलंय.” मग तिचा आवाज चिरकला. “आणि शपथ कुणाची घेतलीस? हिने लिहिलंय इथे, ‘मुलीची शपथ घेतलीस म्हणून माझा विश्वास बसला.’ माझी घेतलीस? माझी?”

त्या दिवसापासून ती तिचं ताट खोलीत नेते. आमच्या घरात रविवारी तिघांनी एकत्र बसायचं असा नियम आहे, तो मीच केलेला. परवाच्या रविवारी मी आणि रोदिका दोघंच समोरासमोर बसून जेवलो.

आता त्या शनिवारचं सांगतो. बटाट्यांविषयी बोललो, सॉसेज मागितले, वहीत चार गुण लिहिले, तोवर मला खरंच काही ठाऊक नव्हतं. तेवढं खरं आहे, पण त्याने माझी सुटका होत नाही. सॉसेज आणता की नाही हे बघायला मी मान वळवली आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या दारावर काळं कापड दिसलं. त्याखाली स्टुलावर त्याचा फोटो होता, मिशी नुकती फुटलेली, आणि उकडलेल्या गव्हाच्या ताटात खोचलेली मेणबत्ती. पहिल्या पत्रात मीच लिहिलं ना, काळं कापड दिसलं नाही, फोटोही नाही? जे दिसलंच नाही त्याच्याविषयी कोण लिहितं, मावशी? तुमच्या पाद्रींच्या ते लक्षात आलं असावं असं मला वाटतं. तुमच्या आलं नाही, कारण तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता.

तोंडात भरताचा घास होता. तो मी गिळला. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या आजोबांनी पेल्यातले चार थेंब जमिनीवर ओतले आणि म्हणाले, “देव त्याला क्षमा करो.” तेवढ्यात तुम्ही आलात आणि इलिंकापुढे एक नवा कप ठेवलात, कानाला छोटा टॉवेल बांधलेला, आत मेणबत्ती. तिच्या केसांवरून हात फिरवलात. माझ्याकडे बघून म्हणालात, “अजून घे ना बाबा, पानात काहीच नाही तुझ्या.”

मी रोदिकाच्या कानाशी लागलो. “हे मयताचं जेवण आहे.”

“माहितीये,” ती म्हणाली. “मघाशीच कळलं मला. गप्प जेव, आणि निघताना दोन शब्द बोल.”

“मी पैसे देणार.”

“वीर्जिल, वेड लागलंय का? असल्या ताटाचे पैसे देतात का कुणी?”

“मग मी काय मेलेल्याचं खाणारा आहे?”

हे वाक्य इलिंकाने ऐकलं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभ्या होतात. तुम्ही ऐकलं नाहीत, याबद्दल मी कितीदा देवाचे आभार मानले असतील.

मग मी मुद्दाम, टेबलाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मावशी, बिल किती झालं?” तुम्ही “काही नाही बाबा” म्हणालात. मी नोट काढली आणि ताटाखाली सरकवली. सरकवताना तिचा कोपरा बाहेर राहील असं बघितलं. माझ्यामागून त्या बाकावर जो बसेल त्याला दिसलं पाहिजे होतं की इथे जेवून गेलेला माणूस फुकट्या नव्हता. उठताना आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळे म्हणतात ते मी म्हणावं म्हणून थांबले होते ते. मी म्हणालो, “चव बरी होती.”

परतताना इलिंकाने विचारलं, ही मेणबत्ती कसली? मी म्हणालो, पर्यटकांना देतात, आठवण म्हणून. आठवडाभर तो कप तिच्या टेबलावर होता, पेन्सिली ठेवायला.

आता तुम्ही विचाराल, एवढं काय बिघडत होतं चार शब्द बोलून निघायला? विचारणार नाही तुम्ही, पण मी सांगतो. हे रोदिकालाही मी गेल्या आठवड्यापर्यंत सांगितलं नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झालीत.

माझी आई, सेवास्ता, इथल्या इस्पितळात धुण्याच्या कामाला होती. वडील मला आठवतही नाहीत. वर्षातून जेवढे मृतांचे शनिवार येतात, त्या प्रत्येक शनिवारी ती मला घेऊन कबरस्तानात जायची. तिच्या हातात झाकणाचा डबा, माझ्या हातात पिशवी. लोक कबरींवर मेणबत्त्या लावायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाढायचे. गोड गहू, पावाची वेणी, उकडलेलं अंडं, कधी सफरचंद. आम्ही ओळीने सगळ्या कबरींवरून फिरायचो. पावाच्या वेण्या आई वाळवून ठेवायची, त्या पंधरा दिवस पुरायच्या. घरी आलं की जेवायच्या आधी ती एकेक नाव घ्यायची. हे अमक्याचं, हे तमकीचं. सत्तर-ऐंशी नावं तिला पाठ असायची. मी भुकेने कासावीस होऊन बसलेला असायचो आणि ती म्हणायची, “थांब. नुसतं खाऊन चालत नाही. त्यांनी आपल्याला दिलंय, आपण त्यांचं नाव घ्यायला नको?”

तिसरीत असताना एका कबरीपाशी मी हात पुढे केला आणि ताट धरून समोर उभा होता माझ्याच वर्गातला दोरू, आपल्या आजीबरोबर. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने माझा डबा उघडून सगळ्यांना दाखवला. गोड गहू होता. “बघा रे, मेलेल्याचं खातो हा!” चौथी संपेपर्यंत मला वर्गात दुसरं नाव नव्हतं. मी शिक्षक झालो, वही केली, गुण द्यायला लागलो, वेटरला बोलावून सूप गार आहे म्हणून परत पाठवायला लागलो, ते सगळं तिथून आलंय. हॉटेलात बसून पैसे मोजून जेवणं यात मला जे सुख वाटतं ते चवीचं नाही, मावशी. मी कुणाचं फुकट खात नाहीये, याचं आहे.

आणि याहून वाईट एक सांगायचंय. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या चाळिसाव्याला मी शहरातलं बरंसं हॉटेल घेतलं. पांढरे टेबलक्लॉथ, छापील मेनू, पंचवीस माणसं, शाळेतले सहकारी, रोदिकाचे नातेवाईक. सगळे पोटभर जेवून आलेले. दाराबाहेर दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या कडेवर मूल. त्यांना कळलं होतं की आत मयताचं जेवण आहे. व्यवस्थापकाने मला विचारलं, “यांचं काय करू?” मी म्हणालो, “घालवा त्यांना.” माझ्या आईच्या जेवणातून मी माझ्याच आईला घालवून दिलं. त्या दिवशी तिला काही पोचलं असेल असं मला वाटत नाही.

रोदिका म्हणते, “आता सांगून काय मिळवणार आहेस? ती बाई शांत झालीये. तुझं ओझं तिच्या डोक्यावर का टाकतोस?” तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. तुम्हाला लागलेली झोप मी काढून घेतोय, हे मला कळतंय. पण १ नोव्हेंबरला तुम्ही पहिलं ताट माझ्या नावाने काढून ठेवणार. मी आलो काय आणि नाही आलो काय, खोट्या माणसासाठी काढलेलं ताट. सावूला दुसऱ्यांदा उपाशी ठेवायचं माझ्यात बळ नाही.

एक गोष्ट मात्र धरून ठेवा. माझं ताट गेलं, पण रोदिकाचं आणि इलिंकाचं गेलेलं नाही. पैसे मी ठेवले, त्यांनी नाही. आणि निघताना रोदिका तुमचा हात धरून काहीतरी पुटपुटली ना? ती “देव त्याला क्षमा करो” म्हणाली होती. मी तिला कोपराने ढोसलं म्हणून ते तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल.

नोट पेटीत गेली, ती परत मागता येत नाही. जाकीट मी पार्सलने पाठवतोय. ते एखाद्या खऱ्या माणसाला द्या.

मला लाज वाटते. तुमच्याकडून क्षमेची अपेक्षा नाही.

वीर्जिल

&nbsp;

प्लोयेश्त, २८ ऑक्टोबर

पारास्किवा मावशी,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. दोनदा फिरूला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, पत्र पोचलंय, पोस्टमनने तिच्या हातात दिलंय. दुसऱ्यांदा म्हणाला, “सर, ती कुणाशी बोलत नाही. पण काल वाण्याकडून दहा किलो बटाटे घेऊन गेली.”

जाकीट अजून इथेच आहे. इलिंकाने ते मला पाठवू दिलं नाही. पोस्टात निघालो होतो, तर दारात आडवी आली.

“दिलेलं परत करायचं? अजून तेच करतोयस तू, बाबा.”

“मग काय करू म्हणतेस?” मी चिडूनच विचारलं. “नोट परत आणता येत नाही, जेवलेलं परत जेवता येत नाही, पत्र लिहिलं तर उत्तर येत नाही. करू काय?”

ती म्हणाली, “मागायचं. पैसे ठेवलेस ना? आता फुकट माग.”

मी तिला म्हणालो की तू अजून लहान आहेस, हे असं नसतं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसलो. चाळीस वर्षं मी कुणापुढे हात पसरला नाही, याचा मला केवढा अभिमान होता. रोदिका आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “बसची तिकिटं काढू?” मी म्हणालो, “तीन काढ.”

शनिवारी आम्ही येतोय. इलिंका म्हणते, तू जेवलास तरच मी जेवणार, आणि तिच्या बोलण्यावरून ती खरंच तसं करील. मी जाकीट घालून येणार आहे. बटणं लागत नाहीत, तसंच उघडं घालीन. फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर उभा राहीन. सगळं गाव तेव्हा तुमच्या अंगणात असणार, त्यांना माझं पत्र तुम्ही वाचून दाखवलं असेल तर बरंच, नसेल तर मी उभ्याउभ्या सांगेन. तुम्ही फाटक उघडलं नाहीत तर मी बसची वेळ होईपर्यंत तिथेच थांबेन आणि परत जाईन. तुमच्याविषयी मनात काही आणणार नाही.

तिथे पोचल्यावर माझी जीभ माघार घेईल याची मला भीती वाटते. मी तसा माणूस आहे, ऐन वेळी काहीतरी रुबाबाचं बोलून जाईन. म्हणून जे बोलायचंय ते आजच लिहून तुमच्या हाती देतो. मी बोललो नाही तर हा कागद माझ्यासमोर धरा.

मावशी, मला भूक लागली आहे. माझ्याकडे द्यायला काही नाही. सावूच्या नावाने मला वाढा.

वीर्जिल